पंखे फिरतात, पण डिस्प्ले नाही

रविवारी दुपारी भाच्याचा फोन आला. “मामा, नवीन ग्राफिक्स कार्ड बसवलं. पंखे फिरतायत, लाइट लागतायत, पण डिस्प्लेच येत नाही. कार्ड डेड आलंय बहुतेक. परत पाठवून देऊ का?”

“मॉनिटरवर काय येतंय?”

“नो सिग्नल.”

“आणि कीबोर्डवरचं नम लॉक दाबलं की त्याचा दिवा लागतो-विझतो का?”

“तो कशाला बघायचा?” असं पुटपुटत त्याने बघितलं. दिवा व्यवस्थित लागत-विझत होता. म्हणजे कॉम्प्युटर सुरू झाला होता. विंडोजही बहुधा आत येऊन वाट बघत बसलं होतं. फक्त चित्र मॉनिटरपर्यंत पोहोचत नव्हतं. रॅम, प्रोसेसर, मदरबोर्ड हे सगळे संशयित एका बटणासरशी सुटले. नेमका दोष काय निघाला ते पुढे येईलच.

नवीन कार्ड बसवल्यावर पडदा काळा राहिला की पहिला संशय कार्डावर जातो, कारण नवीन तेवढंच असतं. पण कार्ड बसवताना आपण केबल काढतो, कॅबिनेट आडवं करतो, रॅमला हात लागतो, वीजपुरवठ्याच्या तारा ओढतो. दोष बहुतेक वेळा या उठाठेवीतच झालेला असतो. म्हणून कार्ड हा शेवटचा संशयित धरायचा आणि चित्र नेमकं कुठे अडलंय, हा प्रश्न आधी सोडवायचा. पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने दिल्या आहेत. फुकटचे आणि सोपे उपाय आधी, खर्चाचे आणि खटपटीचे नंतर.

एक नियम मात्र सुरुवातीलाच पाळायचा ठरवा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, मग चालू करून बघायचं. केबल बदलली, रॅम हलवली, बायॉस रिसेट केलं आणि डिस्प्ले आला, तर कशाने आला ते कळत नाही. महिन्याभराने तोच प्रकार झाला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

आधी बघा, मग स्क्रूड्रायव्हर घ्या

डिस्प्ले येत नाही, या एका वाक्यात चार वेगवेगळे आजार दडलेले असतात. बटण दाबून एक मिनिटभर नुसतं लक्ष देऊन बघा.

पहिला प्रकार: बटण दाबल्यावर काहीच होत नाही, किंवा पंखे एक झटका घेऊन थांबतात. हा विजेचा प्रश्न आहे. एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा), त्याच्या तारा किंवा कुठेतरी शॉर्ट झालेलं असणं, इथे बघायचं.

दुसरा: पंखे फिरतात, पण कंपनीचा लोगो कधीच दिसत नाही आणि नम लॉकचा दिवाही दाद देत नाही. म्हणजे मदरबोर्डची सुरुवातीची तपासणीच पूर्ण होत नाही. कार्ड नीट बसलेलं नसणं, त्याला जादा वीज न मिळणं, रॅम हलणं किंवा बायॉसशी न जुळणं, ही इथली कारणं.

तिसरा: नम लॉक चालतं, कदाचित विंडोजचा आवाजही येतो, पण पडदा काळा. हा केबल, पोर्ट आणि मॉनिटरचा मामला.

चौथा: लोगो दिसतो, विंडोजचं गोल फिरणारं चक्रही दिसतं आणि मग अंधार. इथे कार्ड, स्लॉट आणि केबल निदान साध्या चित्रापुरते चालतात हे सिद्ध झालं. दोष ड्रायव्हरमध्ये किंवा रिफ्रेश रेटमध्ये शोधायचा.

कार्डाच्या पंख्यांवरून मात्र निष्कर्ष काढू नका. आजची बरीच कार्डं थंड असताना पंखे मुद्दाम बंद ठेवतात. सुरू करताना एकदा फिरून थांबले तर तो बिघाड नव्हे. उलट पंखे सतत पूर्ण वेगाने घोंगावत असतील तर लक्ष द्या. कार्डाला जादा वीज मिळत नाही किंवा कार्डाचं नियंत्रण सुरूच झालेलं नाही, असं त्यातून अनेकदा कळतं.

मदरबोर्डवरचे छोटे दिवेही बघा. मधल्या आणि वरच्या किमतीच्या अनेक बोर्डांवर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए आणि बूट अशा नावांचे चार दिवे असतात. एसुसच्या बोर्डांवर त्यांना क्यू-एलईडी म्हणतात, एमएसआयच्या बोर्डांवर ईझी डीबग एलईडी. सुरू होताना ते ओळीने लागतात आणि विझतात. जो लागून राहतो, तिथे बोर्ड अडलेला असतो. व्हीजीएचा दिवा लागून राहिला तर कार्डाकडे वळा, डीरॅमचा राहिला तर रॅमकडे. दिवे नसतील, पण बोर्डाला छोटा स्पीकर जोडलेला असेल, तर बीप मोजा. लांब आणि आखूड बीपचा अर्थ प्रत्येक कंपनीच्या बायॉसप्रमाणे बदलतो, त्यामुळे तो आपल्याच बोर्डाच्या पुस्तिकेत शोधा.

केबल कुठल्या पोर्टात आहे?

काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण या पायरीसाठीच असावी. कॅबिनेटच्या मागे दोन ठिकाणी एचडीएमआय पोर्ट असतात. वरच्या बाजूला यूएसबी, लॅन आणि ऑडिओच्या शेजारी उभे असतात ते मदरबोर्डचे. त्यांच्या खाली, आडव्या पट्टीत असतात ते कार्डाचे. नवीन कार्ड बसवल्यावर मॉनिटरची केबल या खालच्या पोर्टात लावायची. जुन्या सवयीने ती वरच लावली जाते, आणि कार्ड लागल्यावर बरेच बोर्ड प्रोसेसरमधलं ग्राफिक्स आपणहून बंद करतात. मग पडदा काळाच राहणार.

आता उलट बाजू. कार्ड काढून, मदरबोर्डच्या पोर्टात केबल लावून डिस्प्ले येतो का बघा, असा सल्ला सगळेच देतात. सल्ला चांगला आहे, पण आधी आपल्या प्रोसेसरचं नाव वाचा. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाशेवटी एफ असेल, उदाहरणार्थ आय५-१२४००एफ, तर त्यात ग्राफिक्स नसतंच. रायझन ५ ३६०० आणि रायझन ५ ५६०० मध्येही नाही. ५६००जी मध्ये आहे. रायझन ७००० मालिकेतल्या बहुतेक प्रोसेसरमध्ये जुजबी ग्राफिक्स आहे, पण ७५००एफ मध्ये नाही. असा प्रोसेसर असेल तर मदरबोर्डचं पोर्ट कायमच मुकं राहणार. त्यावरून बोर्ड बिघडल्याचं अनुमान काढलं तर चोर सोडून संन्याशाला फाशी.

आणखी एक गोष्ट बघायची राहून जाते. नवीन कार्डाच्या पोर्टांवर आणि कधी स्लॉटात जाणाऱ्या सोनेरी कडेवरही प्लास्टिकची टोपणं असतात. कडेवरचं टोपण काढल्याशिवाय कार्ड स्लॉटात बसतच नाही, पण घाईत जोर लावणारेही असतात. सगळी टोपणं काढून खोक्यात जपून ठेवा.

मॉनिटर आणि मधली केबल

मॉनिटरच्या बटणाने इनपुट सोर्स स्वतः निवडा. ऑटोवर सोडू नका. केबल डिस्प्लेपोर्टात असताना मॉनिटर एचडीएमआय १ धरून बसलेला असतो, असं अनेकदा होतं. मग मॉनिटरची वीज पूर्ण काढून अर्ध्या मिनिटाने परत द्या. बऱ्याच मॉनिटरांना हा साधा उपाय लागू पडतो. दोन मॉनिटर असतील तर तपासणीपुरता एकच ठेवा, आणि शक्य असेल तर तीच केबल घरातल्या टीव्हीला लावून बघा. टीव्हीवर चित्र आलं की कार्ड सुटलं.

भाच्याचा घोटाळा इथेच होता. त्याच्या मॉनिटरचं एकमेव एचडीएमआय पोर्ट गेमिंग कन्सोलने अडवलेलं. म्हणून त्याने एका टोकाला एचडीएमआय आणि दुसऱ्या टोकाला डिस्प्लेपोर्ट असलेली केबल मागवली. एचडीएमआयचं टोक कार्डात आणि डिस्प्लेपोर्टचं मॉनिटरात घातलं. दोन्ही टोकं छान बसली, चित्र मात्र आलं नाही. कारण अशा साध्या केबली एकाच दिशेने चालतात: कार्डाच्या बाजूला डिस्प्लेपोर्ट आणि मॉनिटरच्या बाजूला एचडीएमआय. उलट दिशेला वेगळा, वीज घेणारा कन्व्हर्टर लागतो. साधी डिस्प्लेपोर्ट ते डिस्प्लेपोर्ट केबल आणल्यावर त्याचं डेड कार्ड पहिल्याच फटक्यात जिवंत झालं.

आपल्याकडे अजून घरोघरी, दुकानांत आणि क्लासेसमध्ये निळ्या व्हीजीए केबलचे मॉनिटर आहेत. नवीन कार्डांवर व्हीजीए पोर्ट नसतं, तिथून अॅनालॉग सिग्नलच बाहेर पडत नाही. जुन्या डीव्हीआय पोर्टावर पाच-पन्नास रुपयांचं व्हीजीए अडॅप्टर चालायचं, कारण त्या पोर्टातून अॅनालॉग सिग्नल तयारच मिळायचा. एनव्हिडियाने २०१६ च्या जीटीएक्स १० मालिकेपासून तो बंद केला. अशा कार्डावर जुना मॉनिटर चालवायचा तर एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्टवरून व्हीजीए करणारा, आत चिप असलेला कन्व्हर्टर घ्या. काही कन्व्हर्टरांना यूएसबीतून वेगळी वीजही लागते. त्यापेक्षा तपासणीसाठी शेजाऱ्याचा एचडीएमआय मॉनिटर तासभर मागून आणणं स्वस्त.

डिस्प्लेपोर्ट केबलची एक गंमत ध्यानात ठेवण्यासारखी आहे. नियमाप्रमाणे या केबलमधली विसाव्या क्रमांकाची पिन दोन टोकांमध्ये जोडायची नसते. काही स्वस्त केबलींमध्ये ती जोडलेली असते. मग मॉनिटरकडून कार्डाकडे उलटी वीज जाते आणि कॉम्प्युटर विचित्र वागतो: कधी सुरूच होत नाही, कधी बंद केल्यावरही कार्डाचे दिवे मिणमिणत राहतात. अशी लक्षणं दिसली तर आधी एचडीएमआय केबलने बघा.

आता कॅबिनेट उघडा

इथवर काही हाती लागलं नाही तरच झाकण काढायचं. कॉम्प्युटर बंद करा, मागचा खटका बंद करा, पॉवर केबल काढा. मग पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे आत साठलेली वीज निघून जाते. स्थिर विजेपासून सुटका म्हणून कॅबिनेटच्या रंग न लावलेल्या धातूला हात लावा. कोरड्या हिवाळ्यात, नायलॉनच्या कपड्यांत आणि सतरंजीवर बसून हे काम करू नका.

कार्ड पूर्ण काढून पुन्हा बसवा. प्रोसेसरला सगळ्यांत जवळचा लांब स्लॉट घ्या. खालचा स्लॉट तेवढाच लांब दिसला तरी बऱ्याच बोर्डांत त्याला चारच लेन जोडलेल्या असतात, आणि काहींत एम.२ एसएसडी लावली की तो बंदही होतो. कार्ड सरळ खाली दाबा आणि स्लॉटच्या टोकाची खिट्टी टक्क वाजली का ते ऐका. सोनेरी कडा सगळ्या लांबीवर सारखी आत गेली पाहिजे. एक बाजू आत आणि पट्टीकडची बाजू केसभर वर, हा प्रकार फार होतो. कॅबिनेटची मागची पट्टी किंचित वाकलेली असते आणि स्क्रू आवळताना तीच कार्डाला वर उचलते. म्हणून स्क्रू न लावता एकदा चालू करून बघा. डिस्प्ले आला तर दोषी पट्टी.

लांब, जड कार्ड स्वतःच्या वजनाने झुकतं. तपासणीपुरतं कॅबिनेट आडवं ठेवून सुरू करा. आडवं असताना चित्र येत असेल आणि उभं केल्यावर जात असेल तर कार्डाखाली आधाराची काडी लावावी लागेल.

कार्ड उभं लावण्यासाठी रायझर केबल वापरली असेल तर ती काढून कार्ड थेट बोर्डात लावा. जुनी रायझर पीसीआय एक्सप्रेस ३.० साठी बनवलेली आणि कार्ड ४.० चं, असा बेबनाव झाला की चित्र येत नाही किंवा मध्येच जातं. थेट लावून चित्र आलं तर बायॉसमध्ये त्या स्लॉटचा वेग जेन ३ (म्हणजे ३.०) वर ठेवा आणि मग रायझर परत लावा.

कोकणातल्या दमट हवेत वर्षानुवर्षं उघडा राहिलेला स्लॉट असेल तर त्यात धूळ आणि गंज दोन्ही असतात. कोरड्या ब्रशने किंवा ब्लोअरने हलकेच साफ करा. खोडरबरने कडा घासायचा रिवाज जुन्या रॅमसाठी ठीक, पण त्याचा भुगा स्लॉटात जाऊ देऊ नका. नव्या कोऱ्या कार्डाला तो लावायची गरजच नाही.

वीज पुरते का आणि पोहोचते का

हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आधी पोहोचते का ते बघू.

स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. त्यापुढची वीज कार्डाच्या डोक्यावरच्या कनेक्टरमधून येते: ६ पिनांतून आणखी ७५, ८ पिनांतून १५०. जीटीएक्स १६५० चे काही नमुने नुसत्या स्लॉटवर चालतात, पण कनेक्टर दिलेला असेल तर तो जोडल्याशिवाय कार्ड सुरू होणार नाही. दोन कनेक्टर असतील तर दोन्ही जोडा. एक जोडून काम भागत नाही. मोठ्या कार्डाला एकाच केबलची दोन टोकं लावण्याऐवजी एसएमपीएसमधून दोन वेगळ्या केबली आणा.

८ पिनांचे दोन प्रकार असतात आणि दिसायला ते भावंडं वाटतात. ४+४ अशी फुटणारी केबल प्रोसेसरची, ६+२ अशी फुटणारी कार्डाची. दोन्हींमध्ये १२ व्होल्ट आणि ग्राउंडच्या जागा वेगळ्या आहेत. म्हणूनच पिनांचे आकार न जुळणारे ठेवले आहेत. जोर लावून बसवण्याचा मोह झाला तर थांबा, केबल चुकलेली आहे.

मॉड्युलर एसएमपीएसच्या बाबतीत मी स्वतः एकदा पाय घसरून पडलोय. जुना एसएमपीएस काढून नवा बसवताना आतल्या केबली इतक्या सुबक बांधलेल्या होत्या, की त्या तशाच ठेवून फक्त डबा बदलला. टोकं बसली, पण बटण दाबल्यावर टिकऽ आणि शांतता. एसएमपीएसच्या बाजूच्या पिनांची मांडणी प्रत्येक कंपनी आपापली ठेवते, एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांमध्येही ती वेगळी असू शकते. नव्या एसएमपीएसने शॉर्ट ओळखून स्वतःला बंद केलं म्हणून सगळं वाचलं. सगळ्यांचं वाचत नाही. केबली ज्या एसएमपीएससोबत आल्या, त्यालाच लावायच्या.

नव्या मोठ्या कार्डांवर १६ पिनांचा बारीक कनेक्टर असतो, तो ६०० वॅटपर्यंत वीज वाहू शकतो. २०२२ मध्ये आरटीएक्स ४०९० बाजारात आल्यावर हे कनेक्टर वितळल्याच्या तक्रारी जगभर गाजल्या. कनेक्टर अर्धवट बसलेला असणं हे त्यामागचं एक मुख्य कारण म्हणून पुढे आलं. नंतरच्या सुधारित कनेक्टरात खुणेच्या पिना आखूड केल्या, जेणेकरून तो पूर्ण बसल्याशिवाय कार्डाने वीज ओढूच नये. म्हणजे अशा कार्डावर डिस्प्ले नाही याचा अर्थ कनेक्टर एक-दोन मिलीमीटर बाहेर आहे, एवढाही असू शकतो. बोटाने चाचपा, फट दिसता कामा नये, आणि केबल कनेक्टरच्या अगदी लगत वाकवू नका.

आता पुरते का. एनव्हिडियाच्या आकड्यांप्रमाणे आरटीएक्स ४०६० कमाल ११५ वॅट घेतं आणि त्यासाठी ५५० वॅटचा एसएमपीएस सुचवला आहे. आरटीएक्स ३०६० साठी १७० वॅट आणि ५५०, आरटीएक्स ४०७० साठी २०० वॅट आणि ६५०. आपल्याकडे कंपन्यांच्या ऑफिसातून निघालेले जुने ब्रँडेड डेस्कटॉप घेऊन त्यात कार्ड टाकायची पद्धत रूढ आहे. त्यांतल्या अनेकांचा एसएमपीएस दोनशे-तीनशे वॅटच्या घरातला, कनेक्टर नेहमीपेक्षा वेगळे आणि कार्डाची केबल दिलेलीच नाही. मग डिस्कला वीज देणाऱ्या साटाच्या जोडणीवरून ६ किंवा ८ पिन बनवणारं अडॅप्टर घेतलं जातं. हे करू नका. साटाची जोडणी १२ व्होल्टवर जेमतेम ५४ वॅटसाठी बनवलेली आहे. तिच्यावर कार्डाचा भार टाकला तर डिस्प्ले येईल किंवा न येईल, पण तार जळण्याची भीती कायम राहील. अशा मशिनला कनेक्टर न लागणारं छोटं कार्डच शोभतं.

घरचा यूपीएसही या हिशेबात धरा. ६०० व्हीएचा नेहमीचा यूपीएस सुमारे ३६० वॅट पेलतो. कार्ड लागल्यावर तो टीं-टीं करून सगळंच बंद करत असेल तर तपासणीपुरता कॉम्प्युटर थेट भिंतीच्या, चांगलं अर्थिंग असलेल्या प्लगात लावा.

रॅम आणि बायॉस

कार्ड बसवताना शेजारच्या रॅमला धक्का लागतोच. दोन्ही रॅम काढा, एकच लावा, आधी बोर्डाच्या पुस्तिकेत सांगितलेल्या स्लॉटात. सुरू झालं तर दुसरी लावा.

मग बायॉस रिसेट. बोर्डावरचा नाण्यासारखा सीआर २०३२ सेल वीज काढून पाच-दहा मिनिटं बाहेर ठेवा, किंवा पुस्तिकेतला क्लिअर सीमॉसचा जम्पर वापरा. त्याआधी दोन गोष्टी. विंडोजमध्ये बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद ठेवणारी सोय) चालू असेल तर बायॉसच्या बदलानंतर तो रिकव्हरी की मागू शकतो. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जपलेली असते, मोबाइलवर उघडून आधीच खात्री करा. दुसरं, डीडीआर५ रॅम असलेले बोर्ड रिसेटनंतर पहिल्यांदा सुरू होताना रॅमची जुळवणी करतात. त्यात काही मिनिटं पडदा काळाच असतो. अशा वेळी घाबरून बटण दाबलं की जुळवणी पुन्हा पहिल्यापासून. चहा करून या.

प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असेल तर कार्ड काढून बायॉसमध्ये जा आणि प्रायमरी डिस्प्लेचा पर्याय बघा. तो पीईजी किंवा पीसीआय एक्सप्रेस यावर हवा.

कार्ड आणि बोर्ड यांच्या वयात मोठं अंतर असेल तर वेगळी गाठ असते. नवे बोर्ड यूईएफआय पद्धतीने सुरू होतात. फार जुन्या कार्डांना ही पद्धत कळत नाही, त्यांच्यासाठी सीएसएम हा पर्याय चालू करावा लागतो. उलट जुन्या बोर्डावर नवं कार्ड मुकं राहत असेल तर जुनं कार्ड किंवा आतलं ग्राफिक्स वापरून बोर्डाचं बायॉस अद्ययावत करा. सीएसएम बंद करण्याआधी विंडोज कुठल्या डिस्कवर आहे ते बघा. एमबीआर पद्धतीच्या डिस्कवर असेल तर सीएसएम बंद केल्यावर ते सुरूच होणार नाही.

कधी दोष खरोखर कार्डाच्या फर्मवेअरमध्ये असतो. एनव्हिडियाने २०१८ मध्ये जीटीएक्स ९०० आणि १० मालिकेतल्या कार्डांसाठी फर्मवेअर दुरुस्ती दिली. नव्या डिस्प्लेपोर्ट मॉनिटरवर ही कार्डं विंडोज येईपर्यंत काळी राहत होती. २०२३ मध्ये आरटीएक्स ४०६० टीआयसाठी अशीच दुरुस्ती आली, काही बोर्डांवर रीस्टार्ट करताना डिस्प्ले जात होता म्हणून. त्यामुळे कार्ड परत पाठवण्याआधी कंपनीच्या संकेतस्थळावर आपल्या मॉडेलच्या नावाने फर्मवेअर शोधा. ही दुरुस्ती मूळ कंपनीच्याच साधनाने करा. कुणी पाठवलेली कार्ड बायॉसची फाइल टाकू नका.

लोगो दिसतो, मग अंधार

हा चौथा प्रकार. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबा. ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. विंडोज आणि पी दाबून चित्र दुसऱ्याच, न लावलेल्या मॉनिटरकडे जात नाही ना, हेही बघा.

तरीही अंधार असेल तर सुरू होताना दोन-तीनदा मध्येच बंद केलं की विंडोज दुरुस्तीचा पडदा दाखवतं. तिथून सेफ मोडमध्ये जा. तिथे चित्र आलं तर जुन्या कार्डाचा ड्रायव्हर डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर या मोफत साधनाने साफ करा आणि नवीन कार्डाचा ताजा ड्रायव्हर टाका. एएमडीचं कार्ड काढून एनव्हिडियाचं लावलं, किंवा उलट, तर हे आधीच करून ठेवावं. २०२५ च्या सुरुवातीला आरटीएक्स ५० मालिकेच्या कार्डांवर काळ्या पडद्याच्या तक्रारी आल्या, तेव्हा एनव्हिडियाने तातडीचे ड्रायव्हर काढले होते. तेव्हा खोक्यासोबतच्या किंवा सहा महिने जुन्या ड्रायव्हरवर विसंबू नका.

सेफ मोडमध्ये चित्र येतं आणि एरवी जातं, याचं दुसरं कारण केबल. साध्या चित्राला जुनी एचडीएमआय पुरते, पण विंडोजने १४४ हर्ट्झ किंवा फोर-के लावलं की ती हात टेकते. रिफ्रेश रेट ६० वर आणून बघा, टिकलं तर चांगली केबल घ्या.

कार्डच खराब असेल तर

इथवर येऊन चित्र नसेल तर एकच निर्णायक चाचणी उरते. हे कार्ड दुसऱ्या, पुरेशा विजेच्या कॉम्प्युटरात लावा आणि दुसरं चालू कार्ड तुमच्या कॉम्प्युटरात. तुमचं कार्ड तिकडेही मुकं आणि तिकडचं कार्ड इकडे बोलतं, तर निकाल लागला. असा कॉम्प्युटर असलेला मित्र नसेल तर जवळच्या दुरुस्तीवाल्याकडे न्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडला कार्ड काउंटरवर लावून दाखवणारे दुकानदार भेटतात. खरेदी करतानाच असं लावून बघितलं तर हा अर्धा लेख वाचावा लागत नाही.

परत करताना कार्डावरचा आणि खोक्यावरचा अनुक्रमांक, जीएसटीचं बिल, आणि काय-काय करून बघितलं याची तारखेनिशी यादी सोबत द्या. कुठल्या मॉनिटरवर, कुठल्या केबलने, कुठल्या दुसऱ्या मशिनवर बघितलं हे लिहिलेलं असलं की सर्व्हिस सेंटरवाला तीच तपासणी तुमच्याकडून पुन्हा करून घेत नाही. ऑनलाइन मागवलं असेल तर परतीची मुदत मोजक्या दिवसांची असते, म्हणून खोकं आलं त्याच आठवड्यात कार्ड बसवून बघा. खोकं उघडतानाचा व्हिडिओ घ्या. कार्डावरचे सील आणि स्क्रू काढू नका. विक्रेता किंवा कंपनी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

आणि जुनं कार्ड लगेच विकून टाकू नका. नवीन कार्डावर निदान दोन आठवडे कॉम्प्युटर रोज चालू-बंद होऊ द्या. तोवर जुनं कार्ड आणि एक चांगली केबल कपाटात असू द्या. पडदा पुन्हा काळा झालाच, तर तपासणीची सुरुवात करायला या दोनच वस्तू लागतील.